विश्लेषण : ‘संन्यास’ शब्दाने घर मोडले, त्याच घरातल्या मुलाने योगाचे शब्द मराठीत कसे आणले?

हिवरे बाजारच्या शिवारात ‘बांध’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. अहिल्यानगर शहराच्या पश्चिमेला असलेल्या या गावाने १९७२ चा दुष्काळ पाहिला, त्यानंतर गाव सोडून जाणारी माणसे पाहिली. १९९० च्या दशकात सरपंच पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, नाल्यांवर बांध पडले. उतारावरून पळणारे पाणी अडवायचे आणि जमिनीत मुरवायचे, मग विहिरीची पातळी वर येते, एवढाच त्यामागचा हिशेब. बांध, बंधारा, बांधबंदिस्ती हे सगळे शब्द संस्कृतातल्या ‘बन्ध्’ या धातूचे. गावाने पाळलेल्या कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीतली ‘बंदी’ फारसीतून आलेली आहे, पण भाषेच्या नात्याने तीही याच कुळातली.

योगवर्गात शिकवला जाणारा ‘मूलबंध’ही याच धातूचा. तिथे अडवायचे ते पाणी नसते, तर शरीरात खालच्या दिशेने जाणारा अपान नावाचा वायू असतो. खाली धावणारे अडवले की ते वर चढते, ही कल्पना मात्र तीच. टाच कुठे टेकवायची, पाठीचा कणा कसा ठेवायचा, इतक्या बारकाईने हा बंध मराठीत सांगितला गेला तो याच जिल्ह्यात, नेवासे येथे, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. सांगणाऱ्याचे वय होते पंधरा वर्षे.

संत ज्ञानेश्वरांचे चरित्र मराठी वाचकाला पाठ असते. भिंत, रेडा, समाधी हे प्रसंग शाळेपासून ऐकलेले असतात. मात्र या चरित्रातल्या प्रत्येक वळणावर एकेक संस्कृत शब्द उभा आहे आणि त्या शब्दाचा अर्थ कोणी ठरवायचा, यावर त्या वेळी माणसांचे जगणे-मरणे अवलंबून होते, याकडे लक्ष जात नाही.

‘संन्यास’ घेतला म्हणजे नेमके काय झाले?

ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत हे पैठणजवळच्या आपेगावचे, कुलकर्णी घराण्यातले. तीर्थयात्रा करत ते आळंदीला आले आणि तेथील सिधोपंतांच्या मुलीशी, रुक्मिणीशी, त्यांचा विवाह झाला. संसारात त्यांचे मन रमेना. परंपरा सांगते, की पत्नी असल्याचे लपवून त्यांनी काशीला जाऊन संन्यास घेतला. पुढे त्यांचे गुरू यात्रेच्या वाटेवर आळंदीला थांबले असता रुक्मिणी पाया पडली, त्यांनी तिला पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला आणि मग सगळा प्रकार उघडकीस आला. गुरूंनी काशीला परतून शिष्याला घरी पाठवले.

आजच्या वाचकाला यात मोठेसे काही वाटणार नाही. नवरा परत आला, गुरूंच्याच आज्ञेने आला, मग तक्रार कोणाची? ‘संन्यास’ हा शब्द सम्, नि आणि ‘अस्’ अशा तीन तुकड्यांचा आहे. ‘अस्’ म्हणजे टाकणे. पूर्णपणे खाली ठेवून देणे, असा त्याचा सरळ अर्थ. (देवस्थानांच्या नावापुढे लागणारा ‘न्यास’ही हाच, तिथे ठेवलेली वस्तू म्हणजे संपत्ती.) पण शास्त्राच्या व्यवहारात या शब्दाला पुरा विधी चिकटला होता. संन्यास घेणारा माणूस स्वतःचे श्राद्ध स्वतःच्या हाताने करतो. त्याचे पूर्वीचे नाव संपते, मालमत्तेवरचा हक्क संपतो, नातीगोती संपतात. थोडक्यात, समाजाच्या वहीत तो मेलेला असतो. अशा माणसाने घरी येऊन संसार मांडणे म्हणजे मेलेल्याने परत येणे. धर्मशास्त्रात त्यासाठी ‘आरूढपतित’ असा शब्दच आहे. वर चढून खाली पडलेला. आणि मेलेल्या माणसाला झालेल्या मुलांना कोणत्या जातीत, कोणत्या कुळात, कोणत्या रकान्यात टाकायचे, याचे उत्तर आळंदीच्या ब्राह्मणांकडे नव्हते. त्यांनी कुटुंबाला वाळीत टाकले.

याच काळात चार मुले झाली. निवृत्ती (१२७३), ज्ञानदेव (१२७५), सोपान (१२७७) आणि मुक्ता (१२७९). ही नावे ओळीने वाचली तर एक वाटच दिसते. ‘निवृत्ती’ म्हणजे मागे फिरणे, मग ज्ञान, मग ‘सोपान’ म्हणजे जिना आणि शेवटी मुक्ती. वाळीत पडलेल्या बापाने मुलांच्या नावांतून आपला अपुरा राहिलेला संन्यास पुन्हा मांडला, असे वाटल्याशिवाय राहत नाही. यांतला निवृत्ती हा शब्द आता बहुतेक वेळा पेन्शनच्या कागदांवर भेटतो, तो भाग वेगळा.

मुलांच्या मुंजीचा प्रश्न आला तेव्हा गोष्टी टोकाला गेल्या. या दोषाला देहान्त प्रायश्चित्ताशिवाय दुसरा उपाय नाही, असा निर्णय विठ्ठलपंतांना सांगण्यात आला. परंपरेनुसार विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी मुलांना मागे ठेवून प्रयागला जलसमाधी घेतली. एका शब्दाच्या अर्थावरून दोन माणसे गेली आणि चार मुले पोरकी झाली.

त्र्यंबकच्या गुहेतून आलेली विद्या

मधल्या काळातली एक घटना पुढच्या सगळ्याची किल्ली आहे. हे कुटुंब त्र्यंबकेश्वरला असताना ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ समोर आला, पळापळ झाली आणि निवृत्ती एकटाच एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ होते. त्यांनी या मुलाला नाथ संप्रदायाची दीक्षा दिली. निवृत्तीने ती पुढे धाकट्या भावाला दिली. आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर अशी ही साखळी.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वाचकाला नाथ परके नाहीत. नगर तालुक्यात मांजरसुंब्याजवळ गोरक्षनाथ गड आहे, पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथ आणि घाटशिरसच्या बाजूला वृद्धेश्वर. नाथांच्या लेखी योग ही अंगाने करायची गोष्ट होती, पाठांतराची नव्हती. श्वास, कणा, टाच, हनुवटी हेच तिथले साहित्य. त्यासाठी मुंज झालेली असण्याची अट नव्हती. ज्या मुलाला गावात वेदाचा अधिकार नाकारला गेला, त्याला योगाची विद्या थेट घरात, सख्ख्या मोठ्या भावाकडून मिळाली.

‘शुद्धिपत्र’ कशासाठी हवे होते?

आज ‘शुद्धिपत्र’ म्हणजे छापून गेलेल्या मजकुरातल्या चुकांची चिठ्ठी. वृत्तपत्रांच्या कचेरीत हा शब्द कोणालाच आवडत नाही. तेराव्या शतकात या चार भावंडांना ते हवे होते स्वतःसाठी. ही मुले शुद्ध आहेत, असे लिहून देणारा कागद. तो देण्याचा अधिकार पैठणच्या ब्राह्मणसभेकडे होता. आळंदीहून ही मुले पायी पैठणला गेली.

पैठणात काय झाले, ते सगळ्यांना माहीत आहे. रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा इथलीच. तिच्याकडे चमत्कार म्हणून पाहायचे की रूपक म्हणून, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण कथेचा रोख कुठे आहे, ते स्पष्ट आहे. वेद म्हणण्याचा अधिकार कोणाला, या वादात एक मुलगा उठतो आणि पाणक्याच्या रेड्याकडे बोट दाखवतो. शके १२०९ म्हणजे १२८७ मध्ये पैठणकरांनी शुद्धिपत्र दिले, असे मानले जाते. मुंजीचा प्रश्न त्यानंतरही सुटला नाहीच. ज्ञानेश्वरांच्या लेखी तो बहुधा संपलेला होता. पैठणहून ते नेवाशाला आले.

एका खांबाला टेकून सांगितलेला ग्रंथ

नेवासे प्रवरेच्या काठी आहे. इथे ज्ञानेश्वर ज्या दगडी खांबाला टेकून बसत, तो ‘पैस’ नावाने ओळखला जातो. खांबावर एक लेख कोरलेला आहे, तो करवीरेश्वराच्या देवळातल्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. म्हणजे मराठीतल्या सर्वांत मोठ्या ग्रंथामागे उभ्या असलेल्या दगडावर तेलाचा हिशेब आहे. ‘पैस’ म्हणजे मोकळा, विस्तीर्ण. आजच्या मराठीत तो ‘ऐसपैस’मध्ये उरला आहे. दुर्गा भागवतांच्या प्रसिद्ध लेखसंग्रहाचे नाव याच खांबावरून आले.

ग्रंथ लिहून घेतला सच्चिदानंदबाबांनी. मरणाच्या दारातून ज्ञानेश्वरांनी त्यांना परत आणले, अशी आख्यायिका आहे. देवगिरीवर त्या वेळी यादवांचा राजा रामचंद्र होता. मराठीत त्याआधी लेखन झाले नव्हते असे नाही. महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ काही वर्षे आधीचे. पण गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्यांची टीका, तीही बायाबापड्यांना ऐकून समजेल अशा छंदात, ही नवी गोष्ट होती. ग्रंथाचे मूळ नाव ‘भावार्थदीपिका’. नावातच ‘अर्थ’ आहे आणि तो दाखवणारा दिवा.

ज्ञानेश्वर अर्थ कसा सांगतात, ते तेराव्या अध्यायात चांगले दिसते. गीतेने तिथे शरीराला ‘क्षेत्र’ म्हटले आहे. संस्कृतातला ‘क्षेत्र’ घासून मराठीत ‘शेत’ झाला. ज्ञानेश्वर तो शब्द पुन्हा शेतात नेऊन ठेवतात. हे शेत कोणाच्या मालकीचे, यावर वेगवेगळ्या मतांचे लोक भांडत आहेत, असा देखावा ते उभा करतात. एका पक्षाचे म्हणणे असे, की शेत जीवाचे आहे. प्राण हे त्याचे कूळ, त्याच्या घरी चार भाऊ राबतात (अपान, व्यान, उदान, समान), मन हा कुळवाडी आणि इंद्रिये म्हणजे रात्रंदिवस जुंपलेले बैल. प्राणाचे पाच प्रकार तक्त्यात वाचून जे लक्षात राहत नाही, ते या एका कुळाच्या घरात बसते. सातबाऱ्यावरून चाललेले भांडण पाहिलेल्या कोणालाही हा अध्याय परका वाटणार नाही.

बाराव्या अध्यायात कर्म करून त्याचा अभिमान न धरणे म्हणजे काय, हे सांगताना ते पाण्याकडे वळतात. माळी पाटाचे पाणी ज्या वाफ्याकडे वळवतो तिकडे ते मुकाट जाते; आपण या झाडाला वाढवले, असे पाणी कुठे म्हणते? ‘कर्मफलत्याग’ हा जड समास एका पाटात मावतो.

आणि मग ‘संन्यास’. गीतेच्या पाचव्या अध्यायात कायमचा संन्यासी कोण, हा प्रश्न येतो. द्वेष आणि इच्छा गेली तो, असे गीतेचे उत्तर. त्यावर ज्ञानेश्वर जे सांगतात ते त्यांच्या घरचा इतिहास माहीत असेल तर चटका लावते. घरदार वगैरे काही टाकावे लागत नाही, असे ते म्हणतात. कारण त्याला चिकटणारे मनच सुटे झालेले असते. सोबत उदाहरण राखेचे. आग पूर्ण विझली की उरलेली राख खुशाल कापसात गुंडाळा, कापूस पेटत नाही. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला ते आणखी पुढे जातात. संन्यासी आणि योगी ही एकाच माणसाची दोन नावे आहेत, आणि नुसता अग्निहोत्राचा विधी सोडल्याने कोणी संन्यासी होत नाही.

ज्या शब्दाच्या विधीने आईवडिलांचा जीव घेतला, त्या शब्दातून मुलगा विधी बाजूला काढतो आणि अर्थ ठेवतो. हे करताना आळंदी, पैठण किंवा स्वतःवर झालेला अन्याय यांबद्दल तो अवाक्षर काढत नाही. ग्रंथाच्या शेवटी वंशावळ येते ती गुरूंची.

सहावा अध्याय : गीतेत नसलेले शब्द

मराठी भाषा गोडीत अमृतालाही मागे टाकेल, ही ज्ञानेश्वरांची पैज सर्वांना ठाऊक असते. ती नेमकी कुठे लावली आहे, ते मात्र फारसे सांगितले जात नाही. ती आहे सहाव्या अध्यायाच्या तोंडाशी, म्हणजे ग्रंथातला सर्वांत तांत्रिक भाग सुरू होण्याच्या जरा आधी. पुढची वाट अवघड आहे हे त्यांना माहीत होते, असे दिसते.

‘योग’ हा शब्द ‘युज्’ म्हणजे जोडणे या धातूचा. गीता त्याचे अनेक अर्थ देते. मनाचा समतोल हा योग, कर्मातले कौशल्य हाही योग. पतंजलीच्या सूत्रांत चित्ताच्या हालचाली थांबणे म्हणजे योग, आणि त्याची आठ अंगे : यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान, समाधी. यांतले बहुतेक शब्द आपण रोज दुसऱ्याच कामाला वापरतो. वाहतुकीचे नियम असतात, लोकांच्या धारणा असतात, जमिनीची जलधारणा असते. ‘ध्यान’ तर फारच फिरले आहे. ध्यानात ठेव म्हटले की स्मरण, वारकऱ्याच्या तोंडी विटेवरचे रूप, आणि गबाळा माणूस समोर आला की तोही ‘ध्यान’च.

गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला कसे बसावे, याचे थोडक्यात वर्णन आहे. स्वच्छ जागा, फार उंच नाही फार सखल नाही असे आसन, खाली दर्भ, त्यावर कातडे, त्यावर वस्त्र. अंग, मान, डोके सरळ. दृष्टी नाकाच्या शेंड्याशी. बस. बंध नाही, कुंडलिनी नाही, चक्रे नाहीत. ज्ञानेश्वर इथे थांबतात आणि नाथांची विद्या उघडतात. हा नाथांचा संकेत आहे, श्रीकृष्णाने तो नुसता सुचवला. समोर जाणते गिऱ्हाईक आहे म्हणून आपण मालाचे गाठोडे सोडून घडी उलगडून दाखवत आहोत, असे ते मोकळेपणाने सांगतात.

मग येतात तीन बंध. शिवणीच्या जागी टाच दाबून, कणा ताठ करून शरीर तोलायचे, तो मूळबंध. हनुवटी गळ्याच्या खळगीत रुतवायची, तो जालंधर. पोट आत खेचायचे, तो उड्डियान; ज्ञानेश्वरांच्या मराठीत त्याचे रूप ‘वोढियाणा’ असे होते. तिन्हीकडून दारे बंद झाली की आत कोंडलेला वायू उलटा फिरतो. खाली जाणारा अपान मागे वळून फुगतो, आतला मळ ढवळून काढतो. नालाबांधाला अडून पाणी मागे तुंबत जाते, ते दृश्य डोळ्यासमोर ठेवले तर हा भाग वाचायला सोपा जातो.

एक गंमत इथे नोंदवायला हवी. मूळबंधालाच ‘वज्रासन’ असे दुसरे नाव आहे, असे ज्ञानेश्वर सांगतात. आज वज्रासन म्हणजे जेवणानंतर गुडघे दुमडून टाचांवर बसणे. ज्ञानेश्वरांच्या वज्रासनात एक टाच शिवणीखाली असते. ‘हठयोगप्रदीपिका’ हा योगाचा प्रमाण मानला जाणारा संस्कृत ग्रंथ ज्ञानेश्वरीनंतर सुमारे दीडशे वर्षांनी आला. त्यातही टाच शिवणीशी लावून बसण्याच्या सिद्धासनाला काही जण वज्रासन म्हणतात, अशी नोंद आहे. तेव्हा जुन्या पोथीत वज्रासन वाचले आणि गुडघे दुमडले, तर पुढचे काहीच जुळत नाही. योगाच्या शब्दांचे बरेचसे गोंधळ अशाच जातीचे आहेत. शब्द तोच राहतो, आतले आसन बदलते.

‘कुंडलिनी’चेही तेच. ‘कुंडल’ म्हणजे कडे, कानातला दागिना. वर्तुळात मांडलेले ग्रह म्हणून जन्माची ‘कुंडली’, आणि वेटोळे घालून बसलेली म्हणून ‘कुंडलिनी’. ज्ञानेश्वरांनी तिला नागिणीच्या तांबड्या पिल्लाची उपमा दिली आहे. साडेतीन वेढे घालून, तोंड खाली करून झोपलेले पिल्लू. मूळबंधाच्या उष्णतेने ते जागे होते. मग ते भुकेले असते आणि शरीरातले धातू खात वर निघते, हे वर्णन काही ठिकाणी अंगावर काटा आणते. शक्ती जागृत होते, म्हणजे छान, प्रसन्न वाटते, असे जे हल्ली सांगितले जाते, त्याच्याशी या भागाचा काही संबंध नाही.

यातले किती शरीरशास्त्र आणि किती अनुभवाची भाषा, हा वाद जुना आहे. लोणावळ्याला १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी उड्डियान आणि नौली करताना पोटातला दाब किती बदलतो, हे उपकरणे लावून मोजले. दाब खरोखर बदलतो. कुंडलिनी मात्र कोणत्याही उपकरणात दिसलेली नाही, आणि ज्ञानेश्वरही ती गुरूशिवाय हाताळायची गोष्ट मानत नाहीत.

चौदाशे वर्षांचा योगी आणि कोरा कागद

तापीकाठी चांगदेव नावाचे योगी होते. योगबळाने चौदाशे वर्षे जगले, अशी त्यांची ख्याती. ही ‘सिद्धी’. ‘सिध्’ म्हणजे तडीस जाणे. आपण स्वयंपाक सिद्ध झाला म्हणतो तोच हा धातू. चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचे होते, पण मायना अडला. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठे; नमस्कार लिहावा, तर वय आडवे येते. शेवटी कोरा कागद पाठवला. चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला, असा टोला मुक्ताबाईने दिल्याचे सांगतात. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी लिहिलेल्या ६५ ओव्या म्हणजे ‘चांगदेव पासष्टी’. नंतर वाघावर बसून आलेले चांगदेव आणि त्यांना सामोरी गेलेली भिंत, ही कथा या पत्राचाच पुढचा भाग. पुढे चांगदेवांनी गुरू केले ते मुक्ताबाईला. त्यांची समाधी अहिल्यानगर जिल्ह्यातच, गोदावरीकाठी पुणतांब्याला आहे.

सहाव्या अध्यायात योगाला पंथांचा राजा म्हणणारे ज्ञानेश्वर हरिपाठात मात्र योग आणि याग यांनी सिद्धी मिळत नाही, असे सांगतात. हा विरोधाभास अनेकांना खटकतो. त्यांच्या आयुष्याकडे पाहिले तर तो तितका मोठा राहत नाही. नाथांची विद्या घरात असूनही ते पंढरीच्या वाटेला लागले, नामदेवांबरोबर फिरले. टाच आणि हनुवटी सांभाळत गुहेत बसणे शेतात राबणाऱ्याला जमणारे नव्हते. नाम त्याला जमत होते.

एका शब्दाची चार घरे : ‘समाधी’

शके १२१८ म्हणजे १२९६. वर्षाच्या सुरुवातीला अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवर धाड पडली होती. त्याच वर्षी कार्तिक वद्य त्रयोदशीला, एकविसाव्या वर्षी, ज्ञानेश्वरांनी आळंदीला इंद्रायणीकाठी सिद्धेश्वराच्या परिसरात समाधी घेतली. नामदेवांच्या नावावरच्या अभंगांत त्या दिवसाचे सविस्तर वर्णन आहे.

सम्, आ आणि ‘धा’, म्हणजे नीट एकत्र ठेवणे. पतंजलीच्या आठ अंगांतले हे शेवटचे. ध्यान करणारा, ध्यान आणि ध्यानाचा विषय यांतले अंतर मिटणे. ही जिवंत माणसाची अवस्था आहे. मराठीत मात्र या शब्दाने जागा बदलली. योगी या अवस्थेत बसून देह ठेवतो, म्हणून ती क्रिया समाधी. तो जिथे बसला ती जागाही समाधी. मग कोणाचीही स्मारकाची जागा. रायगडावर शिवाजी महाराजांची समाधी आहे, जिथे दहन झाले होते. आणि शेवटी बातमीत जहाज बुडाले की त्यालाही जलसमाधी मिळते. ज्ञानेश्वरांच्या समाधीला ‘संजीवन’ हे विशेषण लावावे लागते ते यामुळेच, पहिला अर्थ सुटू नये म्हणून. परंपरेने समाधी रेड्यालाही दिली आहे. जुन्नर तालुक्यात आळे गावी, कल्याण महामार्गापासून जवळच.

पुढच्या सात-आठ महिन्यांत सोपानदेव सासवडला, मुक्ताबाई तापीकाठी आणि निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरला गेले. चार नावांची ती वाट उलटसुलट क्रमाने संपली.

ग्रंथ मात्र हाताने नकलला जात राहिला आणि नकलताना त्यात भर पडत गेली, शब्द बदलत गेले. सुमारे तीनशे वर्षांनी संत एकनाथांच्या स्वप्नात ज्ञानेश्वर आले. अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागते आहे, ती येऊन काढ, असे त्यांनी सांगितल्याची कथा आहे. एकनाथ आळंदीला गेले, समाधीस्थान शोधले. त्यानंतर अनेक प्रती समोर ठेवून त्यांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, ते साल शके १५०६, म्हणजे १५८४. यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही त्यांनी लिहून ठेवली. एकनाथ पैठणचे होते.